वासुदेवपंतांची चूल

गेल्या फाल्गुनातील गोष्ट. प्रातःसंध्या आटोपून मी ओटीवर पोथी सोडीत होतो, तोच वासुदेवपंतांचे जावई अनवाणी आणि बोडक्या डोक्याने दारात येऊन उभे राहिले. सद्गृहस्थ अशा वेषाने सकाळी दारात आला म्हणजे पुढचे काही विचारावे लागत नाही. तरी मी विचारले. ते म्हणाले, "पंत गेले..." आणि थोडे थांबून, हेच सांगावयास धावत आल्यासारखे म्हणाले, "शास्त्रीबुवा, भात उतरवून ठेवला होता हो. जाळही बाहेर ओढून विझवला होता. मग भिंतीला टेकून बसले असावेत. भात जळला नाही." मी उपरणे खांद्यावर टाकले आणि त्यांच्या मागून निघालो. कल्याणातील आमच्या दोघांच्या घरांमध्ये परसातील एक दगडी गडगाच काय तो होता. पण त्या दिवशी पुढल्या दाराने आळीतून वळसा घेऊन गेलो. तेवढ्या वाटेत मला एकच विचार सुचला. चौतिसाव्या वर्षापर्यंत ज्याला चुलीत फुंकर कोठून घालावी हे ठाऊक नव्हते, तो मनुष्य शेवटचे काम कोणते करून गेला, तर भात वेळेवर उतरविण्याचे.

ह्या गोष्टीस आता दीड महिना लोटला. ह्या पत्राच्या वाचकांस वासुदेवपंतांचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. ठाण्याच्या खाडीवरील मिठागरांवर ते कारकून होते. सकाळच्या आगगाडीने ठाण्यास जावे, दिवसभर उन्हात मिठाच्या राशी पाहाव्यात, दिवेलागणीस परत यावे, असा त्यांचा क्रम तीस वर्षे चालला. मिठाचा खडा बोटांत चुरून तो कोणत्या आगरातला हे ते सांगत, आणि त्यात क्वचितच चुकत. त्यांच्याविषयी लिहिण्याजोगे ह्याहून काही नव्हते, असे त्यांना ओळखणारे बहुतेक लोक म्हणतील. मी तसे म्हणू शकत नाही. त्यांच्या आयुष्यातील एका वर्षात मी त्यांच्या विरुद्ध बाजूला उभा होतो, आणि ते वर्ष सांगितल्यावाचून मला त्यांचे ऋण फेडल्यासारखे वाटणार नाही.

त्यांची पत्नी राधाबाई पंचवीस वर्षांपूर्वीच्या कार्तिकात बाळंतरोगाने गेली. मूलही गेले. मागे राहिली ती एकटी यमू, वय वर्षे नऊ. महिनाभर बापलेकीची पाने आमच्याकडेच वाढली जात. महिना संपला त्या दिवशी वासुदेवपंत हात धुऊन ओटीवर आले आणि मला म्हणाले, "गोविंदा, उद्यापासून आम्ही घरी जेवणार." लिहिताना मी त्यांना आदरार्थी लिहितो, परंतु आम्ही एकाच पंतोजींच्या शाळेत मार खाल्लेले, तेव्हा तोंडी सदैव अरेतुरेच. मी म्हटले, "अरे, दोन पानांचा आम्हाला काय भार?" "भार तुला नाही रे, मला आहे. आणखी महिनाभर इथे जेवलो तर माझे घर ही नुसती निजायची जागा होईल." "आणि रांधणार कोण?" "मी." मी हसलो, हे येथे कबूल केले पाहिजे. समाराधनेत पुरुष आचारी असतात, सोवळ्याने स्वहस्ते शिजवून जेवणारे वैदिकही मी पाहिले होते. पण वासुदेवाने कधी स्वतःच्या हाताने पाणी तापविलेले मला ठाऊक नव्हते.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता त्यांच्या परसदारातून इतका धूर निघाला की आळीतील दोघेजण घागरी घेऊन धावले. लाकडे ओली, फुंकर वरून घातलेली, चुलीचे तोंड राखेने बुजलेले. ओल्या पंचाने, लाल डोळ्यांनी पंत चुलीशी बसले होते आणि यमू दारात उभी राहून दोन्ही हातांनी तोंड दाबून हसत होती. आईच्या मरणानंतर ती प्रथमच हसत होती, हे मला फार उशिरा सुचले. अखेर चूल पेटली. मग त्यांनी पातेले तांदळाने काठोकाठ भरले, कारण ताटात वाढलेला भात जेवढा दिसतो तेवढेच तांदूळ घ्यावयाचे, असा त्यांचा समज. तांदूळ फुगू लागले, पातेल्याबाहेर आले, चुलीत पडले आणि त्यांनी ती विझविली. उरलेला अर्धा कच्चा भात त्यांनी देवापुढे ठेवला, तेव्हा मला राहवेना. "वासुदेवा, कच्च्या अन्नाचा नैवेद्य?" ते म्हणाले, "गोविंदा, सवय आम्हा दोघांना करायची आहे तशी त्यालाही करू दे." त्या वेळी मला ते बोलणे पाखंडी वाटले. आज वाटत नाही.

आमच्या कुटुंबाला हा सारा प्रकार गडग्यापलीकडून दिसे. परपुरुषाशी, मग तो नवऱ्याचा कितीही जिवलग असो, समोरासमोर बोलण्याची रीत नव्हती. म्हणून ती तुळशीपाशी उभी राही आणि यमूला मध्ये घालून शिकवी. वासुदेवपंत चार हातांवर चुलीशी बसलेले असत, त्यांना प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू येई, तरीही.

"यमे, बाबांना म्हणावं, तांदूळ पातेल्याच्या चौथ्या भागावर जाऊ देऊ नयेत."

"यमू, काकूंना विचार, चौथा भाग मोजायचा कसा?"

"सांग म्हणावं, डोळ्यांनी. आणि तांदळावर बोट टेकलं तर पाणी दुसऱ्या पेरापर्यंत यावं."

"काकूंना विचार, बोट कुणाचे? माझे की त्यांचे?"

ह्यावर आमचे कुटुंब आपलेच बोट उलटसुलट करून पाहू लागले. मग म्हणाले, "खरंच की गं. त्यांचं बोट दांडगं. पहिल्या पेराच्या वर दोन जव म्हणावं." यमू ह्या दोघांमध्ये तोंड वळवून वळवून दमून जाई आणि शेवटी, "तुमचं तुम्हीच बोला बाई!" म्हणून पळे. मग शिक्षण तेवढ्यापुरते थांबत असे.

त्यांच्यापुढील खरी अडचण मात्र निराळी होती, आणि ती परक्यास सहज कळणार नाही. नैवेद्य दाखविण्यापूर्वी अन्न चाखले की ते उष्टे होते. म्हणून सोवळ्यातला स्वयंपाक नाकाने, कानाने आणि हाताच्या सवयीने व्हावा लागतो. मुली ती सवय आईच्या शेजारी बसून उचलतात, आपण शिकतो आहोत हे त्यांना कळतही नाही. वासुदेवपंतांना ती कोणी दिली नव्हती. त्यांनी रांधावे, देवापुढे ठेवावे, यमूला वाढावे, आणि आपण काय केले ते तिच्या तोंडाकडे पाहून जाणावे. तिने पाण्याचा तांब्या ओढला की मीठ अधिक. ती भात चिवडीत बसली की मीठ नाही. जो मनुष्य दिवसभर मिठाची पारख करी, त्याला आपल्या आमटीत मूठभर की चिमूटभर हे महिनाभर उमगले नाही. आगरावरचे लोक हसतील म्हणून त्याने हे तेथे कोणाला सांगितले नाही, पण पुढे ते आपोआपच तेथवर पोचले. ते कसे, ते सांगतो.

ठाकुर्लीकडून चांगुणा नावाची एक आगरी बाई डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन आमच्या आळीत येई. तिचा नवरा आणि मुलगे मिठागरावर राबत, त्यामुळे पंत तिला ओळखीचे. एके सकाळी ती परसदारी मोळी टाकते तो आतून थाप थाप, मग शांतता, मग पुन्हा थाप थाप. पंत तांदळाची भाकरी करावयास बसले होते आणि ती दर वेळी परातीतच दुभंगत होती. चांगुणेने खिडकीशी येऊन आत डोकावले. "कारकूनदादा, भाकर थापतांव का तिला मारतांव?" पंत म्हणाले, "थापतोय गं बाई, पण ती मोडते." "मोरनारच! पीठ उकरलं नाय. कच्च्या पिठाची भाकर चिरते. पानी उकलू दे, मंग पीठ घाल, मंग वर झाकन ठेव. आमच्या पाच वर्षांच्या पोरीला कलतं ता." पंतांनी तसे केले. खिडकीबाहेरून ती सांगत होती, आत ते थापीत होते. "हात वला कर. दाबू नको, फिरव. बोटां नाय रं दादा, तलवा, तलवा!"

मी तेव्हा गडग्यापाशी होतो. चांगुणा गेल्यावर मी म्हटले, "तू सोवळ्यात, आणि ती खिडकीत उभी राहून तुला हुकूम सोडते, हे शोभते का?" पंत भाकरी उलटीत होते. ती प्रथमच सबंध उतरली होती. ते म्हणाले, "ती बाहेर आहे, मी आत आहे. शिवाशीव कुठे झाली? विद्या तेवढी खिडकीतून आली. तिला सोवळे लागत असेल तर शास्त्र काढून दाखव." मी त्या संध्याकाळी खरोखर पोथ्या चाळल्या. काही सापडले नाही.

चाखल्यावाचून मीठ कसे घालावे, हेही त्यांनी तिलाच विचारले. ती हसून हसून मोळीवर बसली. "सगल्या खारीचं मीठ तुझे हाताखालनं जातं, आन् तुना एक मूठ कलत नाय! आयक. रोज एकाच हातानी घाल, एकाच येली घाल. आन् कमीच घाल. कमी परलं तं मानूस जेवतं. जास्ती जालं तं ढोर बी तोंड लावत नाय." दुसऱ्याच दिवशी ही हकीकत आगरावर सर्वांस ठाऊक झाली होती.

आता माझ्या बाजूचे सांगितले पाहिजे. पौषात पंतांचे चुलते तात्या ठाण्याहून आले. घराण्यात वडील तेच. त्यांनी मला बोलावून घेतले आणि म्हणाले, "शास्त्रीबुवा, पोराचे हसे होते आहे. आचारी ठेवायला तो मामलेदार नव्हे. कोणी गरीब विधवा कामाला ठेवली तर लोक त्याच्याबरोबर तिलाही जगू देणार नाहीत. चुलीला बाई पाहिजे. तुमच्या माहितीत स्थळ असेल." होते. ठाण्यात माझे एक गुरुबंधू भिक्षुकी करीत. त्यांची ठकू दहा वर्षांची. बिजवरास दहाची वधू, ह्यात त्या काळी कोणास काही वावगे वाटत नसे, आणि मलाही वाटले नाही. मीच पत्रिका जुळवून पाहिल्या. उत्तम जुळल्या.

माघात माझे गुरुबंधू ठकूला घेऊन आमच्याकडे आले, निमित्त रथसप्तमीचे. तात्याही आले होते. आम्ही तिघे ओटीवर बसून वासुदेवाची वाट पाहत होतो. तो आला, नमस्कार करून बसला. माजघरात दोन मुली सागरगोटे खेळत होत्या. ठकू सागरगोटा उंच उडवी, खालचे तीन वेची आणि वरचा झेली. यमूला ते साधत नव्हते. "तू हात फार लवकर उचलतेस गं," असे ठकू तिला समजावीत होती, आणि यमू रुसून म्हणत होती, "मग मी नाहीच खेळत, जा." वासुदेव बराच वेळ तिकडे पाहत राहिला. तात्यांनी बोलणे काढले. तो मध्येच मला म्हणाला, "गोविंदा, ह्या दोघींपैकी माझी बायको कोणती आणि मुलगी कोणती, ते मला इथून सांग बरे." माझे गुरुबंधू खाली पाहू लागले. तात्या रागावले. "वासू, तोंड सांभाळ. तुला काय वाटते, आम्हाला हौस आहे? घरात चूल कोण पेटवणार?"

"तुमचे सगळ्यांचे कारण ते एकच ना, तात्या? चूल?"

"तेच. दुसरे काय?"

"मग ते कारण मी काढून टाकतो. कार्तिकात राधेचे वर्षश्राद्ध आहे. त्याचा सगळा स्वयंपाक मी करीन, खिरीपासून वड्यांपर्यंत. कोणाचा हात लागणार नाही. ब्राह्मण तृप्त होऊन उठले, तर ह्या घरात हा विषय पुन्हा निघायचा नाही."

"आणि नाही उठले तर?"

"तर तुम्ही म्हणाल त्या मुहूर्तावर उभा राहतो."

तात्या मोठ्याने हसले. "साधा भात उतू जाऊ देणारा हा! बरे, मान्य." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शास्त्रीबुवा, श्राद्धाला तुम्ही बसायचे. स्नेह्याला बसवू नये म्हणतात, ते मला ठाऊक आहे. पण तुमच्या जिभेवर माझा भरवसा आहे." जाताना मी गुरुबंधूंना बाजूला घेऊन सांगितले, की चिंता नको, कार्तिकाअखेर मुहूर्त काढू. हा शब्द मी दिला. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, आपल्या शहाणपणाने दिला.

त्यानंतरच्या नऊ महिन्यांत वासुदेवपंतांनी जे केले त्याला मी अध्ययन म्हणतो. आम्ही बारा वर्षे पाठ केले, पण घोकताना आमच्या मागे गुरुजींची छडी होती. त्यांच्या मागे कोणी नव्हते. पहाटे स्नान, सोवळे, चूल, नैवेद्य, यमूचे पान, मग गाडी. महिनाभर नुसता भात. तो रोज एकसारखा उतरू लागला तेव्हा वरण. मग आमटी. मग भाजी एकच, पण ती आठ दिवस तीच, यमूने हात जोडीपर्यंत. "बाबा, दुधी पुरे!" "पुरे नव्हे बाळ, अजून कच्चा राहतो." खीर चार वेळा लागली. वडे तेलात पडले की कधी दगड होत, कधी फुटून तेल उडे. त्यांच्या डाव्या मनगटावर त्याचे डाग अखेरपर्यंत होते. आमचे कुटुंब गडग्यावरून सांगे, मात्र पंत कशाला हात लावू देत नसत. आश्विनात एके दिवशी त्यांनी मला पानावर बसविले. साधाच भात, वरण, भाकरी, दुध्याची भाजी. मी जेवलो आणि मनात म्हटले, हा जिंकणार. खरे सांगावयाचे तर त्या विचाराने मला आनंद झाला नाही. माझा शब्द ठाण्यास अडकला होता.

वर्षश्राद्धाचा दिवस उजाडला. पात्रावर आम्ही दोघे. एक मी, दुसरे गावातील एक वृद्ध वैदिक, दात सगळे गेलेले, कान मंद. वासुदेव कर्ताही तोच आणि रांधणाराही तोच. पहाटेपासून चूल धगधगत होती. मध्येच संकल्पासाठी उपाध्यायांनी हाक मारली, तो हात धुऊन बाहेर आला, संकल्प सोडला, परत आत गेला. पुढे काय झाले ते त्याने मला नंतर सांगितले. तो आत जाऊन आमटीपुढे बसला आणि त्याला आठवेना, की मीठ घातले की नाही. डबा उघडा होता, पळी ओली होती. चाखण्याची सोय नाही. डाव्या हाताने डबा धरून, उजव्या मुठीत मीठ घेऊन तो किती वेळ बसला होता कोण जाणे. बाहेर चुलते, ब्राह्मण, सारे घर. वर्षभराचे सगळे त्या मुठीत होते. दोनदा पडले तर आमटी टाकून द्यावी लागेल. मुळीच पडले नसेल तर निदान खाता येईल. चांगुणेचे बोलणे त्याला आठवले. त्याने मूठ परत डब्यात सोडली आणि झाकण लावले.

पाने वाढली. आपोशन घेतले. भातावर आमटी घेऊन मी पहिला घास तोंडात घातला आणि मला कळले. अळणी. अगदी निव्वळ अळणी. श्राद्धात ब्राह्मणाने मौनाने जेवावे, अन्न चांगले की वाईट हे हाताच्या खुणेनेही सांगू नये, अशी शास्त्राची आज्ञा आहे. आणि पानात उघडे मीठ वाढावयाचे नाही, हीही. म्हणजे मला काही सांगता येत नव्हते, त्याला काही विचारता येत नव्हते, आणि मिठाच्या कारकुनाच्या घरी मीठ मागता येत नव्हते. वासुदेव हातात वाढणी घेऊन समोर उभा होता. तो माझ्या तोंडाकडे पाहत होता, जसा वर्षभर यमूच्या तोंडाकडे पाहत आला होता. मी घास गिळला. डाव्या बाजूस आमसुलाची चटणी होती, तिला मीठ उत्तम लागले होते. ती मी आमटीत कालवली. शेजारी पाहतो तो वृद्ध वैदिकांनी माझ्या आधीच तसे केले होते, आणि ते बोळक्या तोंडाने भराभर जेवीत होते. भाजी चोख होती. खीर चोख होती. वडा मोडताना मऊ वाफ निघाली... मी चौथा वडा घेतला. मग आमटीच्या वाढणीकडे पाहून पान किंचित पुढे सरकविले. वासुदेवाने आमटी वाढली.

जेवण झाले. श्राद्धात ह्या वेळी कर्त्याने ब्राह्मणांना विचारावयाचे असते, तुम्ही तृप्त आहात ना. आणि ब्राह्मणांनी उत्तर द्यावयाचे असते, तृप्त आहो. हे उत्तर मी शेकडो घरी दिले होते, आचमनाइतके सहज. त्या दिवशी वासुदेवाने हात जोडून विचारले, "तृप्ताः स्थ?" आणि मला प्रथमच त्याचे उत्तर शोधावे लागले. पितरांसमक्ष, अग्नीसमक्ष खोटे बोलावयाचे नव्हते. शब्द ठाण्यास दिला होता, तोही माझाच. आमटी अळणी आहे, एवढे खरे माझ्या हाती होते, आणि गप्प राहिलो असतो तरी काम झाले असते. वृद्ध वैदिक मोकळेपणी म्हणाले, "तृप्ताः स्मः." मग सर्वजण माझ्याकडे पाहू लागले. मी पानाकडे पाहिले. पान स्वच्छ होते. मीठ सोडून त्या अन्नात मला काही उणे आढळले नव्हते, आणि इतके मन घालून शिजविलेले अन्न त्यापूर्वी मी कोठे जेवलो, ते मला आठवेना. मी म्हणालो, "तृप्ताः स्मः."

पिंडदान, विसर्जन आटोपल्यावर आप्तांची पंगत बसली. तात्यांनी पहिला घास घेतला, हात थांबविला. "वासू."

"जी, तात्या."

"आमटीत मीठ नाही."

वासुदेवाने वाढणी खाली ठेवली. "मला वाटलेच होते," एवढेच तो म्हणाला.

तात्या माझ्याकडे वळले. मी ओटीच्या कडेला विडा घेऊन उभा होतो. "काय हो शास्त्रीबुवा, तुम्ही हीच आमटी जेवलात ना? दोनदा घेतलीत, मी पाहिले. आणि तृप्त म्हणालात?"

"म्हणालो, तात्या. आणि झालोही होतो."

"श्राद्धाच्या पानावर बसून सांगता?"

"म्हणूनच सांगतो. इतरत्र बसून सांगितले असते तर कदाचित निराळे सांगितले असते."

तात्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांना ठकूचे स्थळ मीच आणल्याचे ठाऊक होते, आणि मी काय सोडून देतो आहे हेही ते समजले असावेत. मग त्यांनी पुन्हा भात कालविला. "मिठाचा कारकून आणि आमटी अळणी! खाडीत सांगितले तर मासे हसतील. आण, मीठ आण इकडे. आणि ते वडे सगळे ब्राह्मणांनीच संपवले की काय?" त्यांनी सात वडे खाल्ले. हात धुताना पुतण्याला म्हणाले, "विषय संपला." त्यानंतर ते सोळा वर्षे जगले; तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

मी दुसऱ्या दिवशी ठाण्यास गेलो. गुरुबंधूंनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमच्या शब्दावर वर्ष काढले, शास्त्रीबुवा." पुढे सव्वा वर्षाने पनवेलीकडील एका अध्ययन करणाऱ्या मुलाशी मी ठकूचे जमविले. तेव्हा ती बाराची आणि वर सोळाचा होता. मधल्या काळात मोडलेल्या स्थळापायी त्या घराने काय सोसले ते मी पाहिले आहे, म्हणून ह्यात बढाई मिरविण्याजोगे काही नाही. एवढे मात्र लिहून ठेवतो, की त्या कार्तिकानंतर बिजवरासाठी कोणाही मुलीची पत्रिका मी हातात घेतली नाही. लोक विचारीत तेव्हा सांगे, गणितात माझे हल्ली चुकते.

यमू यथाकाल सासरी गेली. सासर आमच्याच गावात. पंत एकटेच राहिले, एकटेच रांधीत राहिले. त्यांचा स्वयंपाक कधी फार वाढला नाही. भात, आमटी, भाकरी, एक भाजी, सणाला खीर. पण आळीत कोणाच्या घरी अडचण आली, सुतक पडले, बाई बाळंत झाली, की त्यांच्याकडून झाकलेले पातेले येई, आणि बरोबर निरोप येई, "मीठ पाहून घ्या."

तेराव्यानंतर घर सारवावयास आणि भांडी आवरावयास आळीतील बायका जमल्या. घर आता यमूचेच. ती नवऱ्यामुलांसह तेथे राहावयास यावयाची होती. मी ओटीवर बसलो होतो. आमचे कुटुंब हिंगाचा डबा काढावयास स्वयंपाकघरात गेले आणि तेथूनच बोलू लागले, "अगं बाई, ही फळी कुठे नेऊन ठोकलीय म्हणायची! माझा हात नाही पोचत." मी आत डोकावलो. वर्षश्राद्धानंतर कधीतरी पंतांनी ती फळी काढून आपल्या उंचीला बसविली असावी. खाली भिंतीत हातभर अंतरावर राधाबाईच्या वेळच्या खुंट्यांची बुजविलेली भोके दिसत होती. मी इतक्या वेळा तेथे पाटावर बसलो, पण मान वर करून कधी पाहिले नव्हते. दुसरी एक बाई म्हणाली, "पंचवीस वर्षं बाई नाही नांदली ना ह्या घरात. पुरुषाच्या मापाचं सगळं. यमे, जावईबापूंना सांग, खाली घेतील."

यमू शेण कालवीत होती. ती उठली, हात धुतले, आणि फळीखाली उभी राहिली. ती बापासारखीच उंच आहे. तिने टाच न उचलता डबा काढला, आमच्या कुटुंबाच्या हातात दिला आणि म्हणाली,

"राहू द्या, काकू. मला पुरते."